औंधचं श्रीभवानी संग्रहालय : हेन्री मूर खटाव तालुक्यात, आणि आपण अजून सेल्फी पॉइंटवर

रिव्ह्यू बिव्ह्यू लिहायची मला सवय नाही, हॉटेलला पण चार स्टार देऊन मोकळा होणारा माणूस मी. पण मागच्या रविवारी औंधला जाऊन आलो आणि येताना गाडीत जी भांडणं झाली ती अजून डोक्यातनं जाईनात, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, ज्यांना नुसतं जावं की नको एवढंच बघायचंय त्यांनी इथंच थांबा : जा. पाच पैकी पाच.

गाडीत आम्ही चौघं. मी, माझे दाजी (बहिणीचे मिस्टर, देवळांच्या शिखरावरची सिमेंटची चित्रं, गावांच्या स्वागत कमानी, पुतळ्यांची रंगरंगोटी असली कामं घेतात, हात चांगलाय), आमच्या हायस्कूलचे रिटायर्ड ड्रॉइंगचे सर, आणि पुतण्या, जो कोल्हापूरला जीडी आर्ट (कलेचा डिप्लोमा) करतोय आणि घरात कुणालाच कळत नाही की तो नेमकं काय करतोय. सातारहून कोरेगाव, रहिमतपूर करत औंध. रस्त्यात ऊस संपतो आणि माळ सुरू होतो, मेंढरं आडवी येतात, हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो, थांबायचं आणि बघत बसायचं. ह्या मेंढरांचं पुढं काम आहे, लक्षात ठेवा.

संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या उतारावर आहे. वर देवीचं मूळपीठ, खाली गाव, मधे हे. 1938 साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे बांधलं. आता राजा म्हटल्यावर आपल्या डोक्यात हत्ती घोडे येतात, पण औंध संस्थान म्हणजे 72 गावं, ती पण सलग नाहीत, एक तुकडा इथं एक आटपाडीला, कोल्हापूर बडोद्यासमोर हे म्हणजे किराणा दुकान. आणि माणूस कसला, तर स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहायचा, 1935 ला इंदूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. किर्लोस्करांना माळावर कारखान्याला जागा दिली ती यांनीच, तीच आजची किर्लोस्करवाडी. आणि ज्या 1938 साली हे संग्रहालय उभं राहिलं त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं की आता राज्य रयत चालवेल, आणि 1939 ला तशी राज्यघटना पण आली, गांधीजी आणि मॉरिस फ्रिडमन ह्या पोलंडच्या इंजिनिअरच्या मदतीनं. म्हणजे सत्ता गावाला दिली आणि चित्रं पण गावात ठेवली. मला हे दोन्ही एकाच डोक्यातनं निघालेलं वाटतं, पुतण्या म्हणतो काका तुम्ही जास्तच जोडताय. असेल.

आत काय आहे? राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, दमयंती तर खास. चित्रकार धुरंधर आहेत. बाबूराव पेंटर आहेत. पहाडी, मोगल लघुचित्रं आहेत, बंगालकडची चित्रं आहेत, युरोपातल्या मोठ्या चित्रांच्या नकला करून घेतल्यात, चंदनाचं कोरीव काम, हस्तिदंताचं काम, ते बघताना तर दाजी काचेला नाक लावून उभे. रविवर्म्यासमोर सर अर्धा तास. मी त्यांना पहिल्यांदाच असं गप्प बघितलं. आमच्या पिढीला रविवर्मा म्हणजे देवघरातली लक्ष्मी सरस्वती, त्यांनी 1894 ला मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथनं छापलेले देव घराघरात आले. आजीच्या खोलीत भिंतीवर धुरानं काळी पडलेली ती तसबीर आणि इथं समोर खरं तैलरंगातलं चित्र, साडीच्या काठाची जर पण हाताला लागेल असं. फरक काय असतो ते छापील बघून कळतच नाही.

आणि मग हेन्री मूर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विसाव्या शतकातला जगातला सगळ्यात मोठा शिल्पकार कोण असं विचारलं तर पहिल्या दोन चार नावात हे येतं. त्याचं ‘मदर अँड चाइल्ड’, आई आणि मूल, दगडातलं शिल्प, खटाव तालुक्यात आहे. लंडनला नाही, मुंबईला नाही, दिल्लीला नाही. औंधला. जिथं आपण यात्रेला नारळ फोडायला जातो तिथं.

आता एक हिशोब बघा. मूरचा जन्म 1898 चा. म्हणजे संग्रहालय बांधलं तेव्हा तो चाळिशीला टेकलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात भुयारी स्टेशनात झोपलेल्या लोकांची जी चित्रं त्यानं काढली आणि सगळ्या इंग्लंडला तो माहीत झाला ते अजून व्हायचं होतं. व्हेनिस बिएनाले म्हणजे इटलीतलं जगभरच्या कलेचं मोठं प्रदर्शन, त्याचं शिल्पाचं बक्षीस 1948 चं. म्हणजे एकीकडं रविवर्मा लावणाऱ्या ह्या राजाच्या संग्रहात जो मूर आला तो आजच्या भाषेत अगदी कंटेम्पररी, ताजा, ज्याच्यावर त्याच्याच देशात लोक नाक मुरडत होते असा. आणि तो ठेवला कुठं, तर माळावरच्या गावात.

आता भांडण. सर शिल्पापुढं दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, “नावाला नमस्कार, पण हे माझ्या इंटरमिजिएटच्या पोरानं केलं असतं तर सी ग्रेड दिला असता. नाक नाही डोळा नाही. आधी हात बसला पाहिजे, मग मोडतोड.” पुतण्या लगेच तापला, तो काहीतरी फॉर्म, व्हॉल्यूम, निगेटिव्ह स्पेस असलं बोलायला लागला, सर म्हणाले “मराठीत बोल”, तो म्हणाला “सर मराठीत शब्दच नाहीत”, सर म्हणाले “मग विचार पण नसेल.” मी मधे पडलो नाही, मजा येत होती.

दाजी मात्र शिल्पाभोवती एक चक्कर मारून आले, खाली वाकून बघितलं, परत एक चक्कर. आणि म्हणाले, “सर, ह्यानं दगडाला दगड ऱ्हाऊ दिलंय बगा. आमी काय करतो, सिमेंटचं कापड करतो, सिमेंटचं केस करतो, सगळी फसवाफसवी. ह्यानं नाय फसवलं.”

मी घरी येऊन वाचलं तर मूर आणि त्याच्या बरोबरीच्या लोकांचं म्हणणं अगदी हेच होतं, दगडानं मांसाचं सोंग घेऊ नये, दगडात थेट छिन्नी घालायची आणि दगडाचा दगडपणा राखायचा. आमच्या दाजींचं शिक्षण आठवी. तेव्हा ते जे म्हणतात ना की खेड्यातल्या माणसाला समकालीन कला कळत नाही, ते माझ्यापुरतं तिथंच निकालात निघालं.

बरं सरांची पण बाजू सांगतो, नाहीतर ते मला शाळेत असल्यासारखं उभं करतील. सर म्हणतात, आपल्या भागात कलेचं काय चाललंय ते आधी बघा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन ग्रेड परीक्षा, खेड्यातल्या पोराचा कलेशी संबंध तेवढाच, आणि ती पण पोरं देतात ते दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, संपलं. चित्रकलेचा शिक्षक रिटायर झाला की जागा भरत नाहीत, ड्रॉइंगचा तास गणिताच्या सरांना जातो. आमच्याच शाळेत सर गेल्यापासनं चित्रकलेच्या खोलीत पोषण आहाराचे डबे ठेवलेत. ज्या पोराला एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करायचंय तो विचारतो करून नोकरी कुठाय, आणि उत्तर नाही. मग तो फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंच्या मागं वाघ लावतो. सर म्हणाले “माझे सगळ्यात चांगले तीन विद्यार्थी आज वाघ लावतायत.” गाडीत थोडा वेळ कोण बोललं नाही.

हे सगळं खरंय. पण सरांचं दुसरं म्हणणं, की लोकांना ‘हुबेहूब’च पाहिजे असतं, दुसरं काही दिलं तर कळणार नाही, हे मला पटत नाही, आणि माझं मुख्य भांडण तिथं आहे.

म्हणजे बघा, हुबेहूब लोकांना आवडतं हे मान्य. कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे, बलुतेदार, नांगरणी, मोट, न्हावी दाढी करतोय, सगळे माणसाएवढे पुतळे, सुट्टीच्या दिवशी ही गर्दी. मला पण आवडतं, पोरं घेऊन तीनदा गेलोय, माझी आई तिथं प्रत्येक पुतळ्याशी बोलत होती. त्याचं काम वेगळं आहे आणि ते काम ते उत्तम करतं. पण हुबेहूब म्हणजेच कला हे खेड्यातलं म्हणणं आहे असं कुणी सांगितलं? ते तर आपल्याला साहेबाच्या आर्ट स्कूलनं आणि ग्रेड परीक्षेनं शिकवलं. आपल्या गावाच्या शिवेवर म्हसोबा बसलाय, तो काय हुबेहूब आहे का? शेंदूर फासलेला दगड, फार तर दोन चांदीचे डोळे, आणि त्याच्या समोरनं जाताना मोटरसायकलवरचा माणूस हँडल सोडून नमस्कार करतो. ह्याच्यापेक्षा अमूर्त शिल्प कुठल्या गॅलरीत आहे सांगा. आई पहाटे उंबऱ्यावर जी रांगोळी काढते त्यात गोपद्म असतं, गाईचं पाऊल, कुठल्या गाईचं पाऊल असं असतं? आणि हाच माणूस मूरसमोर उभा राहून म्हणतो नाक कुठाय. नाक म्हसोबाला पण नाही हो.

(मूरला पण ज्याच्यातनं सुचलं ते बरंचसं असलंच होतं, मेक्सिकोतले जुने दगडी देव त्यानं म्युझियममधनं बघितले होते आणि त्यातनं त्याच्या आडव्या पडलेल्या बायका आल्या. आणि तो काय लॉर्डाच्या घरचा नव्हता, यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्ड नावाच्या खाणीच्या गावचा, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. म्हणजे तो आपल्याकडं आला तर पाहुणा नाही, गाववालाच.)

आता पुतण्याची गोष्ट सांगतो कारण ती इथं फिट्ट बसते. त्यानं मागच्या उन्हाळ्यात आमच्या पडीक रानात एक काम केलं, ते लोक इन्स्टॉलेशन म्हणतात तसलं. ठिबकच्या जुन्या फुटक्या नळ्या गोळा केल्या, गावभर फिरून, लोक म्हणाले भंगाराचा धंदा सुरू केला वाटतं. त्या नळ्यांचं वेटोळं वेटोळं करत जमिनीत एक मोठा गोल खड्डा काळ्या कड्यांनी भरत आणला, खाली तळाला पाचट जाळून राख. तीन आठवडे घातले. माझा भाऊ डोक्याला हात लावून. मग आमची शेजारची म्हातारी, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत आली, कडेला बसली आणि म्हणाली, “हिर हाय व्हय रं ही? कोरडी हाय.” आणि मग बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची ते सांगत बसली, सुकडी मिळायची ते, अंधार पडेपर्यंत. कुठला बोर्ड नाही, कुठला कॅटलॉग नाही. पोरगं रेकॉर्ड करायचं पण विसरलं.

त्याच कामाचे फोटो त्यानं एका मोठ्या शहरातल्या गॅलरीला पाठवले. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही, असल्या दहा आहेत. उत्तर आलं, रूरल टच छान आहे, पण तुमच्याकडं वारली टाइप काही आहे का?

वारली! आम्ही खटाव कोरेगावची माणसं, वारल्यांचं डहाणू आमच्यापासनं महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. पण शहरातल्या माणसाच्या डोक्यात ग्रामीण कला म्हटलं की गेरूची भिंत आणि त्रिकोणी माणसं, एवढंच बसतं. आणि त्यात वारलीचा पण अपमानच आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांनी लग्नाच्या चौकापुरतं, बायकांच्या हातात असलेलं ते चित्र रोजचं केलं आणि त्यात मासे पकडायची जाळी, मुंग्या, रेल्वे, स्वतःच्या डोक्यातलं सगळं आणलं, ते 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जगातल्या नावाजलेल्या समकालीन कलाकारांच्या बरोबरीनं होते, 2003 ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग ह्या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. पद्मश्री आपल्याकडं 2011 ला. म्हणजे बाहेरच्यांनी त्यांना आजचा कलाकार म्हणून बघितलं आणि आपण त्यांची बेडशीट केली, कुर्त्याची बॉर्डर केली, स्वच्छता अभियानाच्या भिंतीवर तीच नाचणारी माणसं गोल गोल. 2014 ला जीआय टॅग पण लागला, तरी टी कोस्टरवर चाललंयच.

तर ग्रामीण भागातल्या कलेची आज ही दोन दारं आहेत. एक, लोककला म्हणून या, पारंपरिक दिसा, मग टाळ्या. दोन, शहरात या, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबा, भाडं भरा, फ्रेमिंगचा खर्च करा आणि गावाकडं परत जाऊ नका. गावात राहून, गावातल्याच माणसांसमोर, आजचं काम करायचं असलं तर त्याला दारच नाही. आणि जागा नाही म्हणू नका. आमच्या तालुक्याला जेवढी मंगल कार्यालयं आहेत तेवढी हॉस्पिटलं नाहीत. निधी पण येतो. गावोगाव ‘आय लव्ह अमुक गाव’ असलं लाल बदाम घातलेलं लाइटिंगचं अक्षर उभं राहिलंय, सहाशे उंबऱ्याच्या गावात सेल्फी पॉइंट, फायबरचा बैल, फायबरचा शेतकरी, सगळे एकाच साच्यातनं निघालेले, बैलाचे डोळे पण सगळ्या गावात एकाच बाजूला बघतात. दाजी म्हणाले त्यातला एक बैल मीच रंगवलाय. मी म्हणलं दाजी तुमच्याबद्दल नाही, ते म्हणाले “माझ्याबद्दलच हाय की. ऑर्डर तशी येते. कोण म्हणलं का मला, तुला वाटंल तसा बैल कर?”

हे वाक्य मला झोपताना आठवतंय. पुतण्यानं विचारलं “दाजी, कसा केला असता?” दाजी रस्त्याकडं बघत होते, मग म्हणाले “बसलेला. कामावनं आलेला. उबा बैल समदीच करत्यात.”

आणि आता ती मेंढरं. मूर पुढं हर्टफर्डशायरमधल्या पेरी ग्रीन नावाच्या खेड्यात राहायचा, स्टुडिओच्या खिडकीतनं शेजारच्या रानातली मेंढरं दिसायची, त्यांची त्यानं वही भरून चित्रं काढली, आणि एक अवाढव्य शिल्पच मेंढरांच्या रानात ठेवलं, ‘शीप पीस’ नावाचं. मेंढरं त्याला अंग घासतात, सावलीला बसतात. त्याच्या गावाकडं यॉर्कशायरात 1977 पासनं शिल्पांचं मोठं मोकळं पार्क आहे, तिथं पण मूरची शिल्पं आणि चरणारी मेंढरं एकाच गवतात. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले, म्हणाले “म्हणजे मेंढरांना कळतं, मला नाही, असं म्हणायचंय का तुला.” मी म्हणलं सर मेंढरांना कळायची गरजच नाही, रोज समोर आहे ना, बस झालं. म्हसोबा तरी आपल्याला कुठं कुणी समजावून सांगितला होता, तो तिथं होता, आपण येता जाता बघत मोठे झालो. बाळासाहेबांनी तेच केलं. समजावत बसले नाहीत, आणून ठेवलं. त्यांच्यानंतर आपल्या भागात आणून ठेवणारा माणूस मला दिसत नाही, ऐंशी पंच्याऐंशी वर्षं झाली. माझी एकच मागणी आहे, एखादं गोडाऊन, बंद पडलेल्या सोसायटीचा हॉल, कुठलंही चालेल, जिथं सातारा सांगलीच्या पोरांचं आजचं काम बारा महिने उघडं राहील आणि बाजाराच्या दिवशी माणूस भाजीची पिशवी घेऊन आत येऊ शकेल.

सरांना हे पटलं असं समजू नका. रहिमतपूरला चहाला थांबलो तिथं त्यांनी मेनूकार्डाच्या मागं मला दोन मिनिटात समोरचा चहावाला काढून दाखवला, हुबेहूब, हातात किटली, कपाळावर आठ्या, आणि म्हणाले “हे आलं पाहिजे.” चहावाल्यानं ते मागून घेतलं आणि गल्ल्याच्या वर चिकटवलं, चहाचे पैसे घेतले नाहीत. आता ह्याच्यावर काय बोलणार, तो पॉइंट सरांचा.

बाकी कामाचं. निघायच्या आधी संग्रहालय चालू आहे का तेवढं विचारून निघा, सुट्टीचा दिवस मधे येऊ नये. तिकीट किरकोळ आहे. दोन तास म्हणून जाऊ नका, अर्धा दिवस ठेवा, लघुचित्रांना जवळनं बघायला चष्मा विसरू नका, मी विसरलो. वर यमाईचं दर्शन आधी करा आणि उतरताना संग्रहालय, उलटं केलं तर पायऱ्या चढताना जीव जातो, गाडीनं गेलात तर प्रश्न नाही. गावात देवीची मोठी दीपमाळ आहे ती पण बघा. संगीताची आवड असेल तर गायक अंतूबुवा जोशींच्या परंपरेतला औंधचा संगीत महोत्सव दिवाळीच्या अलीकडं असतो, त्याच्याशी जोडून या, रात्रभर गाणं आणि दिवसा चित्रं. लहान पोरं असली तर बिनधास्त न्या, त्यांना मूरसमोर उभं करा आणि नाव न सांगता विचारा काय दिसतंय. एका पोरगीनं आमच्या समोर तिच्या आईला सांगितलं, “मम्मी, ते बाळ उतरायचं नाय म्हणतंय.”

आम्ही परत जाणार आहोत. दाजींना मूर अजून एकदा बघायचाय, ह्या वेळी टेप घेऊन येतो म्हणालेत, माप कसं धरलंय ते लांबनं का होईना बघायचंय म्हणे. मी म्हणलं हात लावू देणार नाहीत, ते म्हणाले “हात कशाला, नजरेनं मापतो.”